मदत हवी आहे: झुडपी जंगलातल्या वाटेवर जीप नेण्याची परवानगी कोण देतं?

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण रविवारी जुन्या जीप घेऊन नागपूरच्या काटोल रोडपलीकडच्या मुरमाड रानात जातो. परवा एका कर्मचाऱ्यानं अडवलं, म्हणाला हे झुडपी जंगल आहे. सातबाऱ्यावरही तीच नोंद निघाली.

१९७६ च्या घटनादुरुस्तीनं वनं समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांच्या यादीत) गेली, १९८० चा वन संवर्धन कायदा केंद्राचा, २०२३ ची दुरुस्तीही संसदेतलीच. त्यात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विदर्भातली झुडपी जंगलं वनच ठरवली. रान टिकावं असं आम्हालाही मनापासून वाटतं, मोर-तितरांचं घर आहे ते. पण फक्त जुन्या बैलगाडीवाटेनं जायचं तर अर्ज कुठे करायचा, तहसीलमध्ये की वनखात्याच्या उपवनसंरक्षकांकडे? कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना द्याल का?