तरुणांच्या मालिका आणि वर्ण: चेहरे बदलले, पण घर कोणाचं उभं राहिलं?

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची ही चर्चा आहे. प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

नेपथ्य

अमेरिकन किशोरवयीन मालिकांत वर्णाचं प्रतिनिधित्व किती वाढलं, यावर बोलताना बहुतेक जण पोस्टरवरचे चेहरे मोजतात. त्या मोजणीतून फारसं काही हाती लागत नाही. मोजायचंच असेल तर हे मोजा: कोणत्या पात्राच्या घराचा सेट कायमचा उभारला गेला?

यामागे पैशाचं गणित आहे. स्टुडिओत चित्रित होणाऱ्या मालिकेत काही सेट सीझनभर उभे असतात: नायिकेचं स्वयंपाकघर, शाळेचा कॉरिडॉर, मुलं जमतात तो कॅफे. त्यांचा खर्च सगळ्या भागांवर वाटला जातो. एका प्रसंगापुरता बांधून मोडायचा सेट मात्र त्या एकाच भागाच्या बजेटवर पडतो. त्यामुळे जास्तीत जास्त पानं उभ्या सेटवर लिहा, असा लेखकांवर दबाव असतो. ज्या मुलीचं स्वयंपाकघर उभं आहे तिला आई मिळते, आईशी भांडण मिळतं, दार लावून रडायला खोली मिळते. जिचं घर बांधलंच नाही ती लॉकरपाशी उभी राहून मैत्रिणीला सल्ले देते. आणि ही दुसरी मुलगी वर्षानुवर्षं बहुतेकदा कृष्णवर्णीय किंवा आशियाई राहिली आहे.

‘द व्हॅम्पायर डायरीज’ (२००९ ते २०१७) बघा. मूळ कादंबऱ्यांतली नायिकेची मैत्रीण बॉनी गोरी, लाल केसांची. मालिकेत ती भूमिका कॅट ग्रॅहमला दिली आणि बॉनी कृष्णवर्णीय झाली. इथपर्यंत उत्तम. पण नायिका एलेनाचं घर आणि साल्वातोर भावांची हवेली पहिल्या सीझनपासून उभी, तर बॉनीची आजी पहिल्याच सीझनमध्ये मरते, आई तिसऱ्यात उगवते, वडील चौथ्यात दिसतात आणि पाचव्याच्या सुरुवातीला मारले जातात. त्यातच १८६४ चे फ्लॅशबॅक: गाव व्हर्जिनियातलं, साल्वातोर भावांतला डेमन कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या, सैन्यातला आणि बॉनीची पूर्वज एमिली ही कॅथरीन या व्हॅम्पायरची दासी. कृष्णवर्णीय अभिनेत्री घेतल्याबरोबर या मांडणीत गुलामगिरीचा प्रश्न येऊन बसतो. मालिका त्याला वळसा घालते, आणि बॉनी मित्रमंडळींसाठी पुन्हा पुन्हा जीव देत राहते. कास्टिंग बदललं, पटकथा त्याप्रमाणे बदलली नाही. नुकसान इथेच होतं.

तिसरी घंटा

सेटचं गणित मान्य, पण चेहरे मोजण्याला इतकं खाली ढकलू नका. १९९० च्या दशकात ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ आणि ‘डॉसन्स क्रीक’ या मालिकांचे मध्यवर्ती चेहरे गोरेच होते. १९९९ मध्ये चार मोठ्या नेटवर्क्सनी २६ नव्या मालिका जाहीर केल्या आणि त्यांतल्या एकीतही प्रमुख भूमिकेत अल्पसंख्याक कलाकार नव्हता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे अध्यक्ष क्वेसी एमफुमे यांनी हाच आकडा हातात घेऊन बहिष्काराचा आणि खटल्याचा इशारा दिला. २००० च्या सुरुवातीला नेटवर्क्सनी करार केले, विविधतेसाठी स्वतंत्र अधिकारी नेमायला सुरुवात झाली. हे सगळं चेहरे मोजल्यामुळे घडलं. ‘पात्राला घर नाही’ या तक्रारीवर कोणतंही नेटवर्क टेबलावर आलं नसतं.

शिवाय तुमच्या कसोटीवर ‘मोईशा’ (१९९६ ते २००१) पूर्ण उतरते. ब्रँडीच्या पात्राला वडील, सावत्र आई, भाऊ, स्वतःची खोली, सगळं होतं. ती चालायची यूपीएन या नेटवर्कवर. २००६ मध्ये यूपीएन आणि डब्ल्यूबी मिळून सीडब्ल्यू झालं आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालिकांना असलेली हक्काची जागा आक्रसली. एका मालिकेतलं घर बघून समाधान मानलं तर ही गळती दिसतच नाही. ती दिसायला पुन्हा आकडेच लागतात.

आणि कृष्णवर्णीय मुलीची गोष्ट दर वेळी वर्णाविषयीच का असावी? ‘युफोरिया’तली रू व्यसनाशी झगडते, प्रेमात पडते, खोटं बोलते. तिथे वर्ण हा कथेचा विषय नाही. त्याच भूमिकेसाठी झेंडायाला २०२० आणि २०२२ मध्ये एमी मिळालं. गोऱ्या मुलांना जे स्वातंत्र्य कायम होतं, ते तिला मिळालं.

नेपथ्य

रूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिला आई आहे, धाकटी बहीण आहे, आणि मालिकेतले सगळ्यांत कठीण प्रसंग त्या घराच्या आत घडतात. वर्णाविषयी बोला, असा माझा आग्रह नाहीच. पात्राला माणसं द्या, एवढंच म्हणणं आहे.

निळी शाई

दोघंही निकालाच्या टोकाला उभे आहात. सेट असो की चेहरा, निर्णय होतो रायटर्स रूममध्ये, म्हणजे मालिकेचे लेखक एकत्र बसून कथा ठरवतात त्या खोलीत, आणि तिथली उतरंड समजून घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकणार नाही.

अमेरिकेत पायऱ्या अशा: स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि सगळ्यांत वर शोरनर, म्हणजे मालिकेचा मुख्य लेखक-निर्माता. अनेक नेटवर्क्सनी विविधतेसाठी एक स्टाफ रायटरची जागा वेगळी काढली. तिचा पगार मालिकेच्या बजेटमधून न जाता नेटवर्क किंवा स्टुडिओच्या वेगळ्या निधीतून जायचा. कागदावर चांगली योजना. घोटाळा होतो तो मुदत संपल्यावर. त्याच माणसाला बढती द्यायची तर पगार मालिकेला सोसावा लागतो, आणि नवा माणूस घेतला तर तो पुन्हा फुकट पडतो. त्यामुळे शोरनर नवा माणूस घेतो आणि जुना दुसऱ्या मालिकेत परत तळापासून सुरू करतो. असे लेखक दोन-तीन वेळा स्टाफ रायटरच राहतात. भरीला, लेखक संघटनेने स्टुडिओंशी केलेल्या २०२३ च्या करारापर्यंत स्टाफ रायटरला स्वतः लिहिलेल्या भागाचं वेगळं मानधनही मिळत नव्हतं.

आता कल्पना करा, खोलीत एकच कृष्णवर्णीय लेखक आणि तोही तळाच्या पायरीवर. बॉनीच्या पूर्वजेला दासी करू नका, हे त्याने सात वरिष्ठांसमोर कसं म्हणायचं? पुढच्या सीझनचं काम त्याच माणसांच्या हातात असतं.

याउलट ‘रिझर्वेशन डॉग्ज’ (२०२१ ते २०२३). स्टर्लिन हार्जो आणि टायका वैटिटी यांची निर्मिती, लेखक आणि दिग्दर्शक सगळे मूलनिवासी समाजांतले, चित्रीकरण ओक्लाहोमात. तिथे कोणा एकाला आपल्या सगळ्या समाजाची वकिली करावी लागत नाही. म्हणून विनोद मोकळा होतो, वाईट वागणारी पात्रंही लिहिता येतात.

तिसरी घंटा

पण ‘युफोरिया’चं लेखन जवळजवळ सगळं सॅम लेव्हिन्सन या एका गोऱ्या लेखकाचं. आणि ‘टॉप बॉय’ या ब्रिटिश मालिकेचे निर्माते रोनन बेनेट आयरिश, गोरे. खोली हीच कसोटी असेल तर या दोन मालिका फसायला हव्या होत्या.

निळी शाई

‘टॉप बॉय’ पूर्व लंडनच्या वसाहतींत झालेल्या संशोधनावर उभी आहे. बाहेरच्या माणसाने लिहूच नये, असं मी म्हणत नाही. पण एकच लेखक सगळं लिहितो तेव्हा त्याला अडवणारं कोणी उरत नाही. २०२३ च्या करारात लेखकांची किमान संख्या ठरली: सहापर्यंत भागांना ३, सात ते बारा भागांना ५, तेरा किंवा जास्त भागांना ६. एकट्यानेच सगळं लिहायचं ठरवलं असेल तर सूट. ‘युफोरिया’त जे जमलं त्याचं मोठं श्रेय झेंडायाच्या अभिनयाला जातं, आणि दर मालिकेला झेंडाया मिळत नाही.

उलटतपासणी

कायद्याची बाजू कोणीच घेतली नाही, म्हणून लिहितो. कोटा ठेवा, असं म्हणणं सोपं आहे. २०२० मध्ये सीबीएस नेटवर्कने जाहीर केलं होतं की २०२१-२२ मध्ये रायटर्स रूममध्ये ४० टक्के आणि पुढच्या वर्षी ५० टक्के लेखक कृष्णवर्णीय, मूलनिवासी वा इतर गौरेतर समाजांतले असतील. २०२४ मध्ये ‘सील टीम’ मालिकेच्या एका स्क्रिप्ट कोऑर्डिनेटरने (पटकथांच्या प्रती सांभाळणाऱ्याने) या धोरणामुळे आपल्याला डावललं, असा दावा ठोकला. २०२५ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे मूळ प्रश्नावर न्यायालयाचा निकाल आलाच नाही. त्याच वर्षी सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंटने असे आकडी लक्ष्य सोडून दिले.

कास्टिंगची गोष्ट निराळी. २०१२ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने ‘द बॅचलर’ या रिअ‍ॅलिटी शोविरुद्ध दोन कृष्णवर्णीय अर्जदारांचा दावा फेटाळताना म्हटलं की कलाकारांची निवड हा कार्यक्रमाच्या आशयाचाच भाग आहे आणि तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे. तो जिल्हा न्यायालयाचा निकाल आहे, देशभर बंधनकारक नाही, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणजे पडद्यावरचे चेहरे वर्ण बघून निवडणं कायद्याने तुलनेने सुरक्षित, आणि खोलीतले लेखक वर्ण बघून निवडणं धोक्याचं. निळी शाई यांना जिथे बदल हवा आहे तिथेच जमीन सगळ्यांत भुसभुशीत आहे. माझं मत विचाराल तर आकडी कोटा मुळातच चुकीचा. माणसाला कामावर घेताना वर्ण हा निकष होऊ नये, कोणत्याही बाजूने. ‘नेव्हर हॅव आय एव्हर’साठी खुली निवड केली, सुमारे १५,००० अर्ज आले आणि मैत्रेयी रामकृष्णन मिळाली. दार उघडं ठेवा, यादी करू नका.

नेपथ्य

खुली निवड होती, पण भूमिका भारतीय अमेरिकन मुलीची म्हणून आधीच लिहिलेली होती. दार कोणत्या खोलीचं उघडायचं ते आधी ठरलं होतं.

आणि त्या मालिकेने आणखी एक गोष्ट केली. साधारण अर्ध्या तासाचे दहाच भाग, तरी पहिल्या सीझनमध्ये नायिका देवी हिच्या दोन्ही मैत्रिणींना आया आहेत. एलेनॉरची आई तिला न कळवता गावात परतलेली, फॅबिओलाला आईसमोर स्वतःविषयी खरं सांगायचंय. पूर्वी २२ भागांचा सीझन असायचा, आता आठ-दहाचा, त्यामुळे दुय्यम पात्रांना वेळ उरत नाही, हे कारण मला पटत नाही. वेळ कुठे घालवायचा हे कोणीतरी ठरवत असतं.

कवडसा

कास्टिंग आणि लेखन झाल्यावर सेटवर काय बिघडतं तेही मांडू द्या.

प्रकाश. एका फ्रेममध्ये गोरा आणि गडद वर्णाचा कलाकार असेल आणि एक्सपोजर गोऱ्या चेहऱ्यावर ठरवलं, तर दुसरा चेहरा अंधारात जातो, गाल आणि कपाळ यांतला फरक पुसला जातो. उपाय माहीत आहेत: गडद चेहऱ्याच्या बाजूला मोठा, मऊ प्रकाशस्रोत, त्वचेवर मॅट पावडरऐवजी हलकी चमक, म्हणजे प्रकाशाचं प्रतिबिंब चेहऱ्याला आकार देतं, आणि मागची भिंत पांढरी न ठेवता मध्यम रंगाची. वर्गखोलीच्या पांढऱ्या भिंती हा नेहमीचा शत्रू. हे रंगकामाच्या आधी ठरवावं लागतं, कलाकार मार्कवर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ठरवलेल्या जागी, उभा राहिल्यावर वेळ गेलेली असते. कोडॅकच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवायला ‘शर्ली कार्ड’ वापरत, त्यावर दशकानुदशकं गोऱ्या बाईचा फोटो असायचा. आजचे कॅमेरे पुष्कळ सुधारले, सवयी मात्र तेवढ्या वेगाने सुधारलेल्या नाहीत.

केस. बारीक वेण्या घालायला चार ते आठ तास लागतात, त्या सकाळच्या मेकअपच्या वेळेत बसत नाहीत. प्रसंग क्रमाने चित्रित होत नसल्याने तिसऱ्या भागात वेण्या आणि चौथ्यात मोकळे केस असं हवं असेल तर ते वेळापत्रक आखतानाच कळायला हवं, नाहीतर विग लागतो. दाबून सरळ केलेले केस दमट हवेत किंवा पाण्यात लगेच मूळ रूपावर येतात. किशोरांच्या मालिकांत स्विमिंग पूलची पार्टी हमखास असते, आणि अशा वेळी लेखकाने विचार केला नसेल तर ती मुलगी काठावर बसून राहते. प्रेक्षकाला वाटतं, हिला बाजूला ठेवलंय.

वय. कॅलिफोर्नियात १६-१७ वर्षांच्या कलाकाराला शाळेच्या दिवशी सहा तास काम आणि तीन तास अभ्यास, असा नियम आहे. म्हणून निर्माते अठरावरचे कलाकार घेतात. पंचविशीची कृष्णवर्णीय अभिनेत्री सोळाची म्हणून दिसते तेव्हा आधीपासूनच असलेला पूर्वग्रह पक्का होतो. जॉर्जटाउन लॉच्या २०१७ च्या अभ्यासात आढळलं की प्रौढ माणसं पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलींनाही त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस समजतात.

तिसरी घंटा

पूलचा मुद्दा फार मोलाचा. पण यातलं सगळं सुधारायला आधी ती अभिनेत्री सेटवर असावी लागते. २०२० मध्ये ‘रिव्हरडेल’च्या व्हनेसा मॉर्गनने जाहीरपणे लिहिलं की कृष्णवर्णीय पात्रांना गोऱ्या नायकांच्या बाजूला उभं केलं जातं. निर्माते रॉबर्टो अगिरे-साकासा यांना जाहीर माफी मागावी लागली. ती मालिकेत नसती तर हे बोललं कोण असतं?

निळी शाई

आणि ते नटीला ट्विटरवर बोलावं लागलं, कारण पटकथा लिहिली जात असताना तिचं ऐकायला कोणी बांधील नव्हतं.

उलटतपासणी, तुमचा कायद्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेते. वर्णाचा उल्लेखही न करता तीन गोष्टी करता येतात. वेगळ्या निधीतून घेतलेल्या प्रत्येक स्टाफ रायटरचा दुसऱ्या वर्षीचा पगारही त्याच निधीतून द्या, बढती मिळाली तरच. पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक स्टाफ रायटरला निदान एका भागाचं लेखनश्रेय आणि त्या भागाच्या चित्रीकरणात सेटवर हजेरी द्या. पुढे शोरनर होणाऱ्याला सेटचा अनुभव लागतोच. आणि नेपथ्य यांच्या कायमच्या सेटची यादी कला विभागाकडे जाण्याआधी सगळ्या लेखकांसमोर ठेवा, कारण कोणाचं घर बांधायचं हे एकदा सुतारकाम सुरू झालं की बदलत नाही.

उलटतपासणी

पहिल्या दोन गोष्टींना माझा पूर्ण पाठिंबा, त्यांत कायद्याची अडचण दिसत नाही. मात्र निधीत प्रवेश कोणत्या निकषावर, ते लेखी आणि सर्वांना खुलं हवं. तिसरीवर शोरनर अडून बसतील.