मदत हवी आहे: कलम १३१ चा दावा आणि जर्मनीतलं घटना कोर्ट, एका रकान्यात बसतात का?

नमस्कार मंडळी, बेळगावात एलएलबी करतोय, घर खानापूर तालुक्यात. सेमिनारला विषय घेतलाय, कुठल्या देशात कोर्ट कायदा कसा तपासतं. अमेरिकेत १८०३ च्या मारबरी खटल्यापासून कुठलंही कोर्ट समोरच्या केसपुरता कायदा बाजूला ठेवू शकतं, ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली वरची कोर्टं फक्त विसंगती जाहीर करतात, कायदा चालूच राहतो, इथवर ठीक. भारत आला की गाडी अडते.

आमच्याकडं सीमाप्रश्नाची केस चहाच्या टपरीवर पण निघते, पण ती कुठल्या कलमाखाली कोर्टात गेली हे कोण विचारत नाही. महाराष्ट्रानं २००४ ला घटनेच्या कलम १३१ खाली (राज्या-राज्यातला किंवा केंद्र-राज्यातला वाद सरळ सुप्रीम कोर्टात नेणारं कलम) थेट सुप्रीम कोर्टात दावा लावला, तो १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यालाच आव्हान देऊन. जर्मनीत पण राज्य सरकार केंद्राचा कायदा सरळ कार्ल्सरूहला घटना कोर्टात नेतं, मग दोन्ही एकच की! पण २०११ ला मध्य प्रदेशच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं केंद्राच्या कायद्याची वैधता तपासायची तर कलम ३२ नाहीतर २२६ नं या (म्हणजे रिट याचिका, ३२ सुप्रीम कोर्टात, २२६ हायकोर्टात), आणि २०१४ ला झारखंड विरुद्ध बिहारमध्ये दुसऱ्या बेंचला ते पटलं नाही, मुद्दा मोठ्या बेंचकडं. आता मी तक्त्यात काय लिहू? आमचे सर 'भारत म्हणजे अमेरिका टाईप' म्हणून पुढं जातात, मला ते फार ढोबळ वाटतंय.

उत्तर: अरे, एका रकान्यात घालू नकोस. १३१ ला खराखुरा वाद लागतो आणि त्यात कायदेशीर हक्काचा प्रश्न असावा लागतो. कार्ल्सरूहला तसं काही नाही, कायदा घटनेत बसतो का याची शंका पुरते, राज्य सरकार सोड, बुंडेस्टागचे, म्हणजे जर्मन संसदेचे, एक चतुर्थांश सदस्य पण जाऊ शकतात. जर्मनीसारखं एकाच कोर्टाकडं तपासणी, याच्या जवळ आपण गेलो होतो ते आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं १३१ए घातलं, केंद्राचा कायदा तपासायचा तर फक्त सुप्रीम कोर्टानं, हायकोर्टाचा हात काढून घेतला. ४३ व्या दुरुस्तीनं ते गेलं. हे घाल, सर खूश होतील. आणि तक्ता देशवार करूच नको, कायदा कोर्टात कोण नेतो आणि कधी, असा कर.

मूळ प्रश्नकर्ता: थँक्यू ओ वकीलसाहेब, १३१ए माहीतच नव्हतं. मग फ्रान्स दोनदा येणार ना, कायदा लागू व्हायच्या आधीची तपासणी आणि २०१० पासूनची चालू खटल्यातली?