युरिया टाकला की पीक लगेच उचलतं?

एकांनी लिहिलंय की युरिया फेकला की मुळं तो थेट ओढून घेतात, म्हणून चार-आठ दिवसांत काळोखी (पिकाला गडद हिरवा रंग) येते. काळोखी येते हे खरं, पण मधल्या पायऱ्या गाळू नका. मुळं युरिया जसाच्या तसा फार थोडा घेतात. आधी जमिनीतलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनियम करतं, मग जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर मुळापर्यंत येतो आणि पाणी जास्त झालं तर त्याच पाण्याबरोबर खालीही जातो.

आमचं शेत दौंडकडे, मी राहतो हडपसरला. शेतातली जमीन काळी, चुनखडीची, सामू (pH) आठच्या वर. अशा जमिनीत उघड्यावरच्या युरियाच्या अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडतो. मागे उसाला युरिया वरच फेकला आणि पाणी दुसऱ्या दिवशी द्यायचं ठरलं, तर नेमकी लाईट गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी सरीत वाकलो तर नाकाला अमोनियाचा झोंबरा वास! पैसेच उडत होते म्हणा ना. ४५ किलोच्या गोणीत नत्र (नायट्रोजन) जेमतेम २१ किलो, त्यातलंही असं हवेत.

आता वाफशावर, म्हणजे जमिनीत बेताची ओल असताना, युरिया मातीआड करतो, हप्ते पाडून देतो. निमकोटेड (कडुनिंबाचं तेल लावलेल्या) युरियामुळे नायट्रेट व्हायला वेळ लागतो, पण उघड्यावर पडलेल्या युरियाचा अमोनिया त्यानं थांबत नाही. आणि हो, खत घातलेल्या रानातही पिकाचं बरंचसं नत्र जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थातूनच येतं. उसाचं पाचट (वाळलेला पाला) कुजून तोच सेंद्रिय पदार्थ होतो; ते जाळणाऱ्यांनी हे जरा वाचावं.