मदत हवी आहे: टर्नरच्या सूर्यास्तात पिवळा आणि निळा मिसळून हिरवा होतोय

नमस्कार मंडळी. इंग्लिश चित्रकार टर्नरच्या ‘द फायटिंग टेमेरेर’ची (१८३९, नॅशनल गॅलरी, लंडन) सरावासाठी ऑइल रंगांत नक्कल करतेय. मूळ चित्र साधारण ९१ बाय १२२ सेंमी, माझा कॅनव्हास १८ बाय २४ इंच, म्हणजे प्रमाण जवळजवळ तेच.

जहाज, ते ओढणारी काळी टगबोट, डावीकडची चंद्रकोर जमली. अडलंय ते उजवीकडे. मावळत्या सूर्याचा पिवळा डावीकडच्या निळ्यात विरतो तिथे माझ्याकडे शेवाळी पट्टा येतो, आणि थेम्सच्या पाण्यातल्या प्रतिबिंबातही तोच. मूळ चित्रात तिथे हिरवं काहीच दिसत नाही, म्हणून ते फार खुपतं.

रंग: लेमन यलो, कॅडमियम ऑरेंज, अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), टायटॅनियम व्हाइट. माध्यम जवसाचं तेल. ओल्यावर ओलं (खालचा रंग ओला असतानाच वर दुसरा) करून पाहिलं, हिरवं झालं. आठवडाभर वाळवून वरून कोरड्या ब्रशने पिवळा घासला, तर खडूसारखा फिका दिसला. मध्ये ऑरेंज घातला, पण तो निळ्याला भिडला की मातकट होतो. ब्रश प्रत्येक वेळी पुसते, त्यामुळे कारण ते नसावं.

सूर्याभोवती पेंटिंग नाइफने रंगाचा जाड थर दिलाय, तो खरवडायचा नाही. खोली लहान आहे, उग्र वासाचं टर्पेंटाइन (रंग पातळ करायचं द्रावण) चालणार नाही. नवीन रंग घ्यायचा तर एकच परवडेल.

पिवळा आणि निळा यांच्या मध्ये नेमका कोणता रंग ठेवू, फिकट गुलाबी की राखाडी, आणि तो खालचा थर वाळल्यावर लावू की ओला असतानाच?