सत्राचं रेकॉर्डिंग म्हणजे नोंद नव्हे

समासातली:
इथल्याच एका चर्चेत काल कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं की ऑनलाइन थेरपी सत्र घेताना रेकॉर्डिंग कायम चालू ठेवावं, टिपणं आठवणीवर चालतात, रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही, म्हणून तीच खरी क्लिनिकल नोंद. बऱ्याच जणांनी दुजोरा दिला, म्हणून सविस्तर लिहितेय.

नोंद म्हणजे निवड. एसओएपी पद्धतीने लिहिताना ५० मिनिटांतून चारच गोष्टी काढायच्या असतात: क्लायंट काय म्हणाला, आपल्याला काय दिसलं, त्याचा अर्थ काय लावला आणि पुढे काय करायचं. यातली तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये सहसा सापडतच नाही, कारण ती आपण मोठ्याने बोलत नाही. आत्महत्येचे विचार आहेत का, बेत आहे का, साधन हाताशी आहे का, हे प्रश्न ऐकू येतील. पण ‘आज तातडीने हलवायची गरज नाही’ हे कशावरून ठरवलं ते लिहावंच लागतं. केस दुसऱ्या थेरपिस्टकडे गेली तर तो २५ फायली ऐकत बसणार आहे का?

उलट नको ते सगळं त्यात असतं. बहिणीचं आजारपण, नवऱ्याच्या ऑफिसातली भानगड, ज्यांना कधी कुणी विचारलंच नाही अशी माणसं. उद्या नोंदी मागवल्या गेल्या तर टिपणातून एक ओळ जाईल, रेकॉर्डिंगमधून अख्खं घर जाईल.

मोजपट्टी:
साफ असहमत. टिपणं थेरपिस्टच्या बाजूने झुकतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही एवढंच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनी १९४०च्या सुमारास सत्रं ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ मध्ये एक अख्खी केस शब्दशः छापली, तेव्हा कुठे बंद दाराआड काय चालतं ते तपासता आलं. सीबीटीच्या (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी थेरपी) सत्रांना गुण द्यायला वापरतात त्या सीटीआरएस या मोजपट्टीत ११ बाबी, प्रत्येकीला ० ते ६ गुण. ‘मी सॉक्रेटिक प्रश्न विचारले’ (क्लायंटला स्वतःचे विचार तपासायला लावणारे प्रश्न) एवढ्या टिपणावरून गुण कसे देणार? शिकाऊ थेरपिस्टला रेकॉर्डिंगशिवाय सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन, हा ऐकीव माहितीवर सल्ला.

समासातली:
सुपरव्हिजन हा वेगळा हेतू आहे. त्याची संमती वेगळी, मुदत वेगळी. मी विरोध करतेय तो ‘कायम चालू ठेवा’ला. एमआयटीआयने (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या समुपदेशन पद्धतीची मोजपट्टी) गुण द्यायलासुद्धा २० मिनिटांचा तुकडा पुरतो.

फाईलवाला:
हेतूवर भांडा, पण आधी फाईल कुठे जाते ते बघा. झूमवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (बोलणाऱ्यांखेरीज कुणालाच उलगडता येणार नाही अशी कुलूपबंदी) लावलं की क्लाउड रेकॉर्डिंग बंद होतं. मग लोक लोकल रेकॉर्डिंग करतात, ते डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये पडतं आणि तोच फोल्डर अनेक लॅपटॉपवर आपोआप क्लाउडला सिंक होतो. म्हणजे पुढचं दार लावलं, मागचं उघडंच. जागा बदला: एन्क्रिप्ट केलेली डिस्क, सिंक बंद. मीटिंग संपल्यावर फाईल कन्व्हर्ट होते, तेवढ्यात लॅपटॉप मिटला तर अर्धवट राहते. व्हिडिओची गरज नसेल तर फक्त ऑडिओ ठेवा. ६४ केबीपीएसला तासाला २९ एमबीच्या आसपास होतो.

आणि ‘डिलीट केलं’ म्हणजे गेलं असं समजू नका. एसएसडीवर वरून लिहिलं तरी जुना मजकूर दुसऱ्या पेशींत राहू शकतो. म्हणून डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट हवी, आणि बॅकअपमधली प्रतही काढायला हवी.

कानसेन:
मूळ धोका त्याच्याही पुढे आहे. रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही, सगळे त्याचा मजकूर काढतात. व्हिस्परसारखी, आवाजाचा मजकूर करणारी एआय मॉडेल्स शांततेत वाक्यं रचतात, न बोललेली. थेरपीत शांतता तर सर्वात मोलाची. आधी व्हीएडी (बोलणं कुठे आहे ते ओळखणारी यंत्रणा) लावून निःशब्द भाग वगळला तर हे कमी होतं, बंद होत नाही.

मराठीत आणखी एक खड्डा. नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तिथेच आवाज खाली जातो. क्लायंट स्पीकरवर असेल, आपण त्याच क्षणी ‘हं’ म्हटलं की प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा त्याचा आवाज दाबते. ‘जगावंसं वाटत नाही’मधला ‘नाही’ गेला तर मजकुरात काय उरतं ते वाचून बघा.

मोजपट्टी:
मॉडेल चुकतं हा रेकॉर्डिंगचा दोष कसा? मूळ फाईल आहे म्हणून तर चूक पकडता येते! टिपणात ‘नाही’ राहून गेला तर कशाशी ताडून बघणार? उगाच घाबरवू नका.

कानसेन:
ताडून बघायला फाईल धड हवी ना. दोघांनाही हेडफोन, वायरचा असेल तर उत्तम. झूममध्ये प्रत्येकाचा ऑडिओ वेगळ्या फाईलमध्ये घ्यायची सेटिंग आहे, ती लावा, म्हणजे कोण बोललं याचा घोळ होत नाही. नॉइज सप्रेशन कमीत कमी ठेवा, ते हुंदका आणि उसासाही गोंगाट समजून कापतं. एवढं किती जण करतात? न करता ‘रेकॉर्डिंग खोटं बोलत नाही’ म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे.

मोजपट्टी:
बेजबाबदार कुणाला म्हणताय? शिकाऊ मुलं वर्षभर चुकीचं तंत्र वापरतात आणि टिपणं देखणी असतात, तो बेजबाबदारपणा दिसत नाही का?

उंबरठा:
दोघेही क्लायंटला विसरलात. पहिल्या भेटीच्या फॉर्मवरची एक सही म्हणजे संमती नाही. प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचारा: कशासाठी, कोण ऐकणार, कोणत्या तारखेला पुसणार. जोडप्याच्या सत्रात दोघांचा होकार हवा. ‘नको’ म्हटलं तरी सत्र तसंच होईल, हे आपण आधी सांगायचं. मदत मागायला आलेला माणूस समोरच्याला सहसा नकार देत नाही, त्या होकाराला काय किंमत? मजकूर काढायला बाहेरची सेवा वापरत असाल तर तेही वेगळं विचारा.

मोजपट्टी:
तारखेचं मान्य, नाइलाजाने. सुपरव्हिजन झालं की पुसायचं, ठीक. पण तोवर मूळ फाईल राहील आणि जोखमीबद्दल क्लायंटचे शब्द टिपणात जसेच्या तसे, अवतरणात येतील.

समासातली:
ते शब्द त्याच दिवशी लिहा, फाईल न उघडता. ताडून नंतर बघा. आधी ऐकून लिहिलं तर आपण काय टिपलं आणि काय निसटलं, हे सुपरव्हायझरला कधीच कळणार नाही.