मदत हवी आहे: चिखलानं गिळलेला बॉल, फुकटचा ड्रॉप आणि अर्धा किलो कुंदा

नमस्कार मंडळी. इथं कुणी गोल्फ खेळतं का माहीत नाही, पण कुस्तीपासून कॅरमपर्यंतचे धागे दिसले, म्हटलं आपलाही एक टाकून बघू. प्रश्न नियमाचा आहे. थोडा कुंद्याचाही आहे (आमच्याकडची दुधाची मिठाई).

माझं वय ५४, बेळगावात उद्यमबागेत छोटं मशीन शॉप. सगळं बालपण टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलं, गोल्फ लागला सहा वर्षांपूर्वी. हँडिकॅप २२, म्हणजे अठरा होलमध्ये मला बावीस फटक्यांची सूट. क्रिकेटवाल्याचा रोग असा की उजवा हात गप्प बसत नाही, बॉल दिसला की त्याला मिडविकेटला ओढायचंच असतं.

गेल्या रविवारी श्रावणातली उघडीप मिळाली. शनिवारी रात्रभर कोसळून सकाळी स्वच्छ ऊन. आम्ही चौघं, बॅगा उचलायला दोन कॅडी. स्टेबलफोर्डचे पॉइंट मोजायचे (दर होलला फटके जितके कमी तितके पॉइंट जास्त), प्रत्येकी शंभर काढायचे आणि त्यातनं जिंकणाऱ्याला कुंदा द्यायचा, हा आमचा जुना रिवाज. त्या दिवशी काय झालं देव जाणे, उजवा हात शहाण्यासारखा वागत होता. सेव्हन आयर्न (सात नंबरची काठी) तर असा लागत होता की हातात फटका कळतच नव्हता, नुसता आवाज. दोन होल मध्येच घाण केले, ते सोडा.

शेवटचे तीन होल राहिले होते. पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल. ड्राइव्ह (पहिला फटका) उंच गेला, सरळ गेला, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मधोमध पडला. सहाही जणांनी बघितला. टप्पा काही घेतला नाही, ‘थप’ असं झालं आणि गायब. कॅडी पुढं पळत ओरडला, “इल्ले बित्रि सर!” (इथंच पडला सर!) आम्ही तिथं पोचलो तर लाल चिखल, गवत, गांडुळं. बॉल नाही.

सहा माणसं वाकून शोधतायत, बूट घोट्यापर्यंत रुतलेले. शोधायला वेळ तीन मिनिटं, पूर्वीची पाच २०१९ पासून गेली. मला तेव्हा बिबट्या आठवला. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या आपल्या गोल्फ कोर्सच्या परिसरात बिबट्या दिसला, शाळांना सुट्ट्या दिल्या, शिमोग्याकडच्या सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातनं हत्ती आणले, तरी पठ्ठ्या सापडला नाही. आख्ख्या वनखात्याला कित्येक दिवस पुरले नाहीत, आणि मी जेमतेम सव्वाचार सेंटीमीटरचा बॉल तीन मिनिटांत शोधायचा!

वेळ संपला. एक जण म्हणाला, “जमिनीनं गिळला की मर्दा. टाक दुसरा. आम्ही काय आंधळे हाय काय?” आमच्यातले काका (वय ७१, बँकेतनं निवृत्त, मला ग्रिप धरायला यांनीच शिकवली) तेही म्हणाले, “टाक टाक, रुतलेल्या बॉलला दंड नसतो.” मी गुडघ्याच्या उंचीवरनं दुसरा बॉल सोडला (हाच ड्रॉप), दंड न घेता खेळलो. दुसरा फटका आखूड पडला, तिसरा ग्रीनवर (भोकाभोवतीचं गुळगुळीत गवत), तिथनं ढकलत दोन फटके. झाले पाच. एक सूट धरून पार, दोन पॉइंट.

शेवटी माझे ३४, काकांचे ३३.

कुंदा घरी आणला, फ्रीजमध्ये ठेवला आणि हात लागेना. बायको विचारते, “नुसता बघायला आणलाय काय?” काल रात्री तर झोपेत त्या चिखलात शोधत होतो.

तर विचारायचं हे: तो फुकटचा ड्रॉप बरोबर होता का? नसेल तर त्या होलचे माझे पॉइंट किती? आणि चार दिवसांनी हा विषय काढला तर मंडळी हसतील का? (हसतील, ठाऊक आहे. तरी.)

लालमाती: गोल्फमधलं शून्य कळतं, पण कुंदा इकडं पाठवून द्या, पुरावा नष्ट करतो.

बंकरातला_बेडूक: दादा, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर कडू आहे.

रुतलेल्या बॉलला दंड नाही हे काकांचं म्हणणं खरं, पण ती सवलत बॉल हाती लागला तरच. सापडला नाही तर तो ‘हरवला’, मग सहाच काय साठ जणांनी पडताना बघितला असला तरी. नाहीतर पावसाळ्यात ज्याचा त्याचा हरवलेला बॉल चिखलातच गेलेला असेल. हरवला की एका फटक्याचा दंड आणि परत टीवर, म्हणजे पहिला फटका मारला तिथं. तुम्ही ड्राइव्ह एक, दंड धरून दोन, मग टीवरनं तिसरा मारायला हवा होता.

एकच फट आहे. तिथं पाणी साचलेलं होतं का? साचलेल्या पाण्यात बॉल गेल्याची जवळजवळ खात्री असेल (नियमात ९५ टक्के म्हटलंय) तर न सापडताही फुकट ड्रॉप मिळतो. पण पाणी डोळ्याला दिसलं पाहिजे, किंवा नेहमीसारखं उभं राहिल्यावर बुटाभोवती वर आलं पाहिजे. मुद्दाम दाबून काढलेलं चालत नाही. नुसती ओली, मऊ माती म्हणजे पाणी नव्हे.

पॉइंटचं म्हणाल तर पुढं जाऊन खेळणं म्हणजे चुकीच्या जागेवरनं खेळणं, तेही गंभीर. स्टेबलफोर्डमध्ये बाद करत नाहीत, त्या होलचे पॉइंट शून्य होतात. ३४ मधून २ गेले, ३२. काही क्लबांत दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढंच ड्रॉप करायचा स्थानिक नियम असतो, पण तो धरला तरी तुमचे पाचाचे सात होतात, सूट धरूनही पारपेक्षा दोन जास्त, म्हणजे परत शून्य. कुठूनही या, काका एका पॉइंटनं पुढं.

धागाकर्ता: बेडूकराव, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासनं मी डोक्यात त्या जागेवर पाणी ओततोय. दुपारपर्यंत गुडघाभर झालं होतं.

खरं सांगतो. बाजूला डबकं होतं, पण चार पावलं लांब. बॉल पडला तिथं माझा बूट रुतला, पाणी वर आलं नाही. हे मला रविवारीच माहीत होतं बहुतेक.

तिलारी_घाट: यावरून शिकण्यासारखं एवढंच की जून ते सप्टेंबर शंका आली की टीवरूनच ‘प्रोव्हिजनल’ (म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा) असं मोठ्यानं सांगून दुसरा मारून ठेवा. फेअरवेच्या मध्यावर गेला म्हणून लाजू नका, आपल्याकडच्या पावसात फेअरवेच जास्त धोक्याचा, रफमध्ये (बाजूच्या वाढलेल्या भागात) निदान गवत बॉलला धरून ठेवतं. आणि पडताना नुसतं ‘तिथं’ म्हणू नका. पलीकडचं झाड आणि आपण उभे तो टी यांची रेघ धरा. सहा जण सहा बाजूंनी घुसले की आपणच बॉल तुडवून खाली घालतो.

धागाकर्ता: घाटवाले, तुमचंच खरं झालं. आज सकाळी काम काढून तिकडं गेलो. गवत कापणाऱ्या मामांनी खिशातनं बॉल काढून हातात ठेवला. तीन नंबर, खुणेचे माझे दोन लाल ठिपके. कुठं मिळाला विचारलं, तर आम्ही शोधत होतो तिथनं आठ-दहा पावलं पुढं, आख्खा आत गेलेला, वरनं फक्त भोक. सगळे चुकीच्या जागी वाकलो होतो. तीन मिनिटांत आठ पावलं पुढं गेलो असतो तर हाच बॉल, हाच चिखल, आणि ड्रॉप फुकट.

बंकरातला_बेडूक: हेच तर. आता काकांना सांगा.

धागाकर्ता: सांगून आलो. आधीचा कुंदा अर्ध्यावर आला होता (थोरल्यानं रात्री हात मारला, त्याला काय गोल्फचा नियम लागू नाही), म्हणून वाटेत नवा अर्धा किलो घेतला. काकांना सगळं सांगितलं, बॉलही दाखवला. त्यांनी चष्मा लावून ठिपके बघितले, म्हणाले, “मला वाटलं होतं सापडला नाही तरी चालतं. चाळीस वर्षं तसंच खेळतोय.” मग बराच वेळ गप्प. बहुतेक मागचे कुंदे मोजत होते.

कुंदा घेतला त्यांनी. काकूंनी आतून विचारलं, साखरेच्या माणसाला हे कुणी आणलं म्हणून. आता त्यांच्या फ्रीजमध्ये आहे.