मदत हवी आहे: काकांच्या जुन्या स्लाइड्स स्कॅन कुठं होतील?

मंडळी, आमचे काका बोटीवर नोकरीला होते, त्यांच्या ३५ एमएमच्या स्लाइड्सचा (प्रोजेक्टरवर बघायचे फिल्मवरचे फोटो) डबा अनगोळच्या घरात माळ्यावर सापडलाय, सुएझ कालवा, इस्तंबूलचा बॉस्फरस, केप टाऊनचा तो सपाट माथ्याचा टेबल माउंटन असलं सगळं आहे बघा. आपल्याकडच्या पावसानं काहींवर बुरशी आलीय, पाणी लावलं तर वरचा थर विरघळतो म्हणून पुसल्या नाहीत. बेळगावात, नाहीतर कोल्हापूर-हुबळीला नीट स्कॅन करणारं कोण आहे काय? आणि काका एकेका फोटोची गोष्ट सांगालेत (थोडी तिखटमीठ लावून, ते चालतंय), ती त्या फोटोसोबतच कशी ठेवायची? व्हॉट्सअॅपवर फोटो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसाच राहतो, पण गोष्टीचं काय? खर्च किती येईल तेपण सांगा की.